सांडशी नसलेलं घर

माझ्या पार्लरमध्ये कुणी ओरडत नाही. सुरुवातीला हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

धंदा शिकले उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या ज्योती आंटीकडे. तिथे दिवसभर नुसता कालवा. अप्परलिप करताना बायका खुर्चीचे हात आवळून धरायच्या, वॅक्सची पट्टी ओढली की एखादी आंटीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि आंटी शांतपणे म्हणायची, "खूबसूरत दिखना है ना? तो चिल्ला मत." माझी गतही वेगळी नव्हती. थ्रेडिंगचा दोरा बोटांत रुतून चिरा पडायच्या आणि जेवताना तिखट झोंबायचं. "आदत हो जाएगी," आंटी म्हणायची. झालीही. आता दोरा कितीही घासला तरी मला काही होत नाही.

लग्न करून अंबरनाथला आले. एमआयडीसीच्या मागे पाण्याची टाकी आहे, तिच्या पायथ्याशी आमची गल्ली. दोन्ही बाजूंना बैठी घरं, मधून झाकलेलं गटार, आणि हवेत कायम एक आंबूस वास, जो पाहुण्यांना येतो आणि आम्हाला येत नाही. नवरा विक्रांत तिथल्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. सासरे धर्मराज त्याच कंपनीतून रिटायर झालेले. सासूबाईंचं नाव रखमा, घरात त्यांचाच शब्द चालतो. दोघांना मी आई-बाबाच म्हणते. पुढच्या खोलीत मी आरसा लावला, खुर्ची टाकली आणि पार्लर सुरू केलं.

पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या वेणूबाई. मी दोरा ताणला, ओठावर फिरवायला लागले, आणि बाई चक्क घोरायला लागल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. मला वाटलं, दमल्या असतील. पण दुसरी आली तीही तशीच, तिसरी तर मोबाईलवर जावेशी भांडत होती, पट्टी ओढली तरी वाक्य तुटलं नाही. विक्रांतला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तुझा हात हलका आहे." झालं. ते गल्लीभर झालं. "स्वप्नालीचा हात हलका आहे हां, कळत पण नाही," असं सांगत बायका यायच्या आणि मी फुगून बसायचे. बऱ्याच जणींच्या भुवया बाहेरच्या टोकाला विरळ असायच्या, काहींच्या तर अर्ध्यातच संपायच्या. त्या मी पेन्सिलने भरून द्यायचे. अर्ध्या गल्लीच्या भुवया माझ्या हातच्या होत्या म्हणा ना.

घरातली गोष्ट त्याहून आधीची, अगदी पहिल्या सकाळची. चहा उकळला आणि मी सांडशी शोधायला लागले. ओट्यावर नाही, खिळ्याला नाही, ड्रॉवरमध्ये नाही. आई आत आल्या, म्हणाल्या, "काय गं, काय पाहिजे?" आणि मी सांगेपर्यंत त्यांनी उकळतं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, सावकाश, कडा धरून, आणि चहा गाळायला घेतला. घाई नाही, हाय नाही, फुंकर नाही.

"आई, भाजलं असेल!"

"ह्याने काय भाजतंय? कामाचे हात आहेत आमचे."

मी वेणूबाईंकडे सांडशी मागायला गेले. त्यांच्याकडेही नव्हती. "आमच्याकडे कोणाला लागते?" त्या हसून म्हणाल्या. समोरच्या घरी नव्हती, कोपऱ्यावरच्या घरी एक होती, पण तिचा वापर खिडकी अडकवायला चालला होता. मी परत आले ती अंगावर काटा घेऊनच.

आता आमच्या घराचं असं आहे. पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. भुताखेताचं नाव काढलं तर बाबा तासभर अंधश्रद्धेवर बोलतील, आणि बरोबरच बोलतील. माझ्या माहेरीही हेच. त्यामुळे पंचाईत अशी झाली की भीती तर वाटत होती, पण भ्यायचं कशाला तेच कळेना. लोक बोलतात, हसतात, लग्नात नाचतात, फक्त त्यांना दुखत नाही. मुलं रस्त्यावर पडतात, गुडघे फुटतात, उठतात आणि परत खेळायला लागतात. एकदा दुपारी पार्लरच्या दारात उभी होते, आणि लक्षात आलं की इतक्या वर्षांत ह्या गल्लीत मी भोकाड पसरलेलं पोर क्वचितच ऐकलंय. टाकीत पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मी आत जाऊन रेडिओ लावला.

प्रत्येक गोष्टीला इथे उत्तर तयार असायचं. अंगावर फिकट चट्टा उठला की तो कंपनीचा डाग. एमआयडीसीत केमिकलने कातडी जाते, डाग पडतात, हे सगळ्यांना माहीत. खरंही आहे ते. गल्लीत तर त्याची थट्टा चालायची, डाग पडला म्हणजे माणूस पर्मनंट झाला. बायका कंपनीत जात नाहीत, मग त्यांना कसा? नवऱ्याचे युनिफॉर्म धुतात ना. आणि पोरांना? हवेतून. बाबांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली होती, तो मशीनचा मार. त्यांच्या कानाच्या पाळ्या जाड, गुळगुळीत, लोंबत्या होत्या, ते म्हणे भाग्यवान माणसाचे कान. दरवर्षी आशाताई दारावर यायच्या, विचारायच्या, "घरात कुणाला डाग, चट्टा?" आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "आहे ना, कंपनीचा." त्या पुढच्या दारी जायच्या.

मग उंदराचं झालं.

सकाळी मी केर काढत होते. बाबा खाटेवर बसून पेपर वाचत होते, पाय खाली सोडलेले. चादरीला डाग दिसले, फरशीवरही. वाकून पाहिलं तर त्यांच्या अंगठ्याचा कोपरा कुरतडलेला. कडेकडेने, व्यवस्थित, पोरं बिस्किटाची कड खातात तसा. रक्त वाहत होतं आणि बाबा पान उलटत होते.

"बाबा! पाय!"

त्यांनी चष्म्यातून खाली पाहिलं. "अरेच्चा. उंदीर."

"तुम्हाला कळलं नाही?"

"कसं कळणार? उंदीर फुंकर घालत घालत खातो. फुंकरीने बधिर होतं."

आई हळदीचा डबा घेऊन आल्या. त्याही तेच म्हणाल्या. विक्रांतही म्हणाला, आणि लहानपणी माझी आजीही हेच सांगायची. सगळ्या मुलखाला माहीत आहे की उंदीर फुंकर घालतो. मी पण मान डोलावली. पण मग दिवसभर डोक्यात तेच. उंदीर रात्री फुंकर घालत असेल. आत्ता सकाळी, पेपर वाचताना, कोण घालत होतं?

त्या दिवसापासून मी इराकडे पाहायला लागले. इरा माझी मुलगी, पहिलीत जाते. चुणचुणीत, बडबडी, टिकल्यांची भारी शौकीन. माझ्या पार्लरच्या पाकिटांतल्या निम्म्या टिकल्या तिच्याच कपाळावर जातात. तिच्या डाव्या हातावर कोपराच्या खाली एक फिकट ठिपका होता, रुपयाएवढा. मी तो जंताचा समजून औषधही दिलं होतं. ठिपका गेला नव्हता. उलट पसरला होता.

एका दुपारी मी गिऱ्हाइकाच्या केसांना मेंदी लावत होते. जळका वास आला. आधी वाटलं, ड्रायर चालू राहिला. मग मागे वळले. इरा टेबलापाशी उभी होती, मोबाईलवर कार्टून बघत, डावा हात वॅक्सच्या तापलेल्या भांड्यावर टेकवून. भांड्याला हात चिकटला होता. कार्टूनमधला उंट पाण्यात पडला आणि माझी पोर खळखळून हसली.

मी किंचाळले. त्या गल्लीत बहुधा पहिल्यांदाच कुणी इतकं किंचाळलं असेल. इराने दचकून हात ओढला, कातडी निघून आली, आणि ती रडायला लागली. पण भाजल्यामुळे नाही. माझ्या ओरडण्याला घाबरून.

आई धावत आल्या, त्यांनी हात पाण्याखाली धरला. मग माझ्याकडे बघत अभिमानाने म्हणाल्या, "बघ कशी धीराची आहे. आपल्या घरातली पोर आहे ना."

त्या वाक्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी भाजलेल्या हाताने वाटली नव्हती. मला माझी पोर ह्या घरातली व्हायला नको होती. दुखलं तर गल्ली डोक्यावर घेणारी हवी होती.

संध्याकाळी पट्टी बांधलेल्या इराला मांडीवर घेतलं आणि टिकल्यांचं पाकीट काढलं. "चल, खेळ खेळू. डोळे मिट. मी टिकली लावणार, कुठे लावली ते बोट ठेवून सांगायचं."

गालावर लावली. "इथे!" हनुवटीवर. "इथे!" उजव्या तळव्यावर लावली तर गुदगुल्या झाल्या म्हणून हसली. मग मी डाव्या हाताला, पट्टीच्या कडेला जिथे फिकट कातडी उघडी होती तिथे, एक लाल टिकली चिकटवली आणि वाट पाहिली.

इरा डोळे गच्च मिटून बसली होती. चेहरा हसरा, बोट तयार.

"लाव ना, मम्मी," ती म्हणाली.

मी अजून एक लावली. तिच्या शेजारी अजून एक.

"मम्मी, लाव ना आता!"

विक्रांत शिफ्टवरून आला तेव्हा मी त्याच्यासमोर हेच परत करून दाखवलं. त्याने पाहिलं आणि बराच वेळ बूटच काढत राहिला. मग म्हणाला, "हवेतूनच होणार हे. कंपनीवर मोर्चा काढायला पाहिजे."

"मोर्चा नंतर काढ. उद्या मी तिला सरकारी दवाखान्यात नेणार."

"नाही," आतून आवाज आला. बाबा दारात उभे होते. आठ वर्षांत त्यांनी मला कशाला नाही म्हटलं नव्हतं. माझ्या पार्लरचा बोर्ड त्यांनी स्वतः रंगवला होता. "मलम लाव. जाईल डाग."

"बाबा, तिला कळत नाहीये. हात जळत होता आणि ती हसत होती!"

"आपल्याकडे दुखणं सहन करतात."

"ती सहन नाही करत, बाबा. तिला होतच नाही!"

बाबा खाटेवर बसले. वळलेल्या बोटांचा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली लपवला. मग अगदी हळू आवाजात बोलले. "माझी आत्या होती गावाला. तिच्या हाताला असाच डाग होता. बोटं अशीच. घरच्यांनी तिला शेताच्या कडेला खोपटं बांधून दिलं. मी लहान होतो, भाकरी घेऊन जायचो. दगडावर ठेवायची आणि लांब व्हायचं, मग ती येऊन उचलायची. मेली तेव्हा आम्हाला चार दिवसांनी कळलं." त्यांनी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होत्या. "मला काय हा डाग ओळखू आला नव्हता, सूनबाई? पण कंपनीचा म्हटलं की बरं वाटायचं. सगळ्यांनाच बरं वाटायचं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या बापजाद्यांनी आयुष्यभर बाजूला बसून काढलं. पाण्याला शिवायचं नाही, सावली पाडायची नाही. एवढं भांडून आपण आत आलो. आता परत कुणी म्हणणार, ह्यांच्या हातचं नको, ह्यांच्या पोरांना शाळेत बाजूला बसवा? पुन्हा नाही. माझ्या नातीला तर नाहीच नाही."

मला रागाने रडू आलं. पण कुणावर रागवायचं? त्या माणसाचं खोटं नव्हतं. मला एकदम दिसलं की ही गल्ली धीराची वगैरे नाही. आई असोत, वेणूबाई असोत, ही सगळी माणसं घाबरलेली आहेत, आणि भीती कुणाला दिसू नये म्हणून हसतायत.

तेवढ्यात इरा उठून आजोबांच्या गुडघ्यात शिरली. भांडण तिला समजलं नव्हतं, टिकल्यांचं पाकीट मात्र तिच्या हातात होतं. "आजोबा, तुमची पाळी. डोळे मिटा."

बाबांनी नातीचं कधी मोडलं नाही. डोळे मिटले. इराने त्यांच्या वळलेल्या करंगळीला एक टिकली लावली, हिरवी, चमकीवाली. "सांगा कुठे?"

आम्ही सगळे बघत होतो. बाबा थोडं थांबले. मग नातीला खूश करायला म्हणाले, "गालावर! बरोबर ना?"

"चूक! चूक! आजोबा हरले!" इरा टाळ्या पिटायला लागली. मग तिने आपला पट्टीचा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. "मी पण हरले. आपण दोघं सेम टू सेम."

बाबांनी डोळे उघडले. करंगळीवरची हिरवी टिकली पाहिली. शेजारचा छोटा हात पाहिला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि तो माणूस, ज्याच्या पायाचा अंगठा उंदराने खाल्ला तरी ज्याने पेपर खाली ठेवला नव्हता, तो हुंदके देऊन रडला. आई उठल्या, त्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला म्हणाल्या, "सकाळी लवकर जा. ह्यांना पण घेऊन जा."

दवाखान्यातली डॉक्टर पोरसवदा होती, बदलापूरहून स्कूटीवर यायची. तिने इराला डोळे मिटायला लावले, पेनाच्या टोकाने हात लावत गेली, कोपराच्या मागची शीर चाचपली. बाबांचंही तसंच. मग सांगितलं तेव्हा आवाज खाली केला नाही. "कुष्ठरोग आहे. बरा होतो. गोळ्या इथेच मिळतात, फुकट. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. आजोबांची वळलेली बोटं आता सरळ होतील असं मी सांगणार नाही. मुलीचं लवकर सापडलंय, तिला कळायला लागेल अशी आशा आहे, पण खात्री देत नाही. गोळ्या सुरू झाल्या की तिच्यापासून कुणाला धोका नाही. शाळेत पाठवा, मांडीवर घ्या, एका ताटात जेवा."

"आला कुठून, मॅडम?" मी विचारलं. "कंपनीतून?"

"आला नाही, ताई. ह्या भागातून तो गेलेलाच नाही. कंपनी आली त्याच्याही आधीपासून असेल. आम्ही त्याला शोधतो आणि लोक त्याला घरात लपवून ठेवतात." तिने बाबांकडे पाहिलं. "तुमच्या गल्लीत अजून कुणाला कंपनीचा डाग आहे?"

"रविवारी आमच्या विहारात या," बाबा म्हणाले. "सगळ्यांना बोलावतो." घराजवळ रिक्षातून उतरल्यावर ते सरळ वेणूबाईंच्या दारात गेले आणि म्हणाले, "जय भीम. मला महारोग आहे. गोळ्या चालू केल्यात. रविवारी विहारात डॉक्टरीणबाई येतायत, तुम्ही पण या." मग पुढच्या दारी. मग त्याच्या पुढच्या. मी मागे इराचा हात धरून उभी होते. काही दारं त्यांच्या तोंडावर बंद झाली. ते पुढे जात राहिले.

रविवारी लोक येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. आधी वेणूबाई, मग एकेक करत सगळी गल्ली, बौद्ध, मराठे, कोपऱ्यावरचं उत्तर भारतीय कुटुंब, ज्यांनी दार लावलं होतं तेही. सतरंज्यांवर रांगा करून बसले. डॉक्टर आणि आशाताईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. "हात लागला की 'हो' म्हणायचं. बस."

रविवारची अकराची वेळ, बाहेर लख्ख ऊन, कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी. आणि विहारात माझ्या ओळखीचे सगळे चेहरे डोळे मिटून बसलेले. मी भुवया काढून दिलेले चेहरे. डॉक्टर एकेकाच्या हातापायाला पेनाचं टोक लावत चालली होती.

"हो," कुणी म्हणायचं. "हो. हो."

आणि मग काही नाही. पेन टेकलेलं मला दिसत होतं, कातडी थोडी दबलेली दिसत होती, आणि माणूस तसाच बसलेला, मान किंचित पुढे, कान टवकारून, आपला नंबर यायची वाट बघत. शेजारची "हो" म्हणायची, ही गप्प. पेन सरकायचं, पुन्हा टेकायचं, पुन्हा गप्प. एक बाई म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे या ना." डॉक्टर तिच्याच समोर बसली होती. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि जिथे आवाज यायला पाहिजे तिथे तो येत नव्हता. माझ्या पार्लरमधली शांतता ती हीच. तिलाच मी हलका हात म्हणत होते.

संपताना आशाताईंनी विचारलं, "तुमचं राहिलं ना, ताई?"

"मी उल्हासनगरची," मी म्हणाले. "लग्न होऊन आले इथे."

डॉक्टर हसली. "उल्हासनगरवाल्यांना माफी नाही. आज दमलोय, उद्या सकाळी सेंटरला या. सोबत राहणाऱ्या सगळ्यांचं करायचंच आहे."

मी मान हलवली, पण मनात घेतलं नाही. एवढ्या सगळ्यांत दुखणं कळणारी मी एकटीच होते ना. मी किंचाळले म्हणून तर हे सगळं झालं. संध्याकाळी कॅम्प चारला जाऊन मी डझनभर सांडश्या घेऊन आले, घरोघर वाटल्या, आणि एक आमच्या ओट्यावरच्या खिळ्याला अडकवली. आईंना डॉक्टरने सांगितलं होतं, हाताला कळत नाही तर डोळ्यांनी बघायचं, गरम भांडं नुसत्या हाताने उचलायचं नाही. आईंनी सांडशी उलटीपालटी करून पाहिली आणि नव्या सुनेसारख्या अवघडून पातेल्याला लावली. चहा थोडा सांडला. आम्ही हसलो. बऱ्याच वर्षांनी त्या घरात मला मोकळं वाटलं.

चहा झाल्यावर इरा टिकल्यांचं नवं पाकीट घेऊन आली. भरलेलं, अजून न फोडलेलं. "मम्मी, तुझी पाळी."

"माझी कशाला?"

"सगळ्यांची झाली. आजोबांची, आजीची, पप्पांची. तुझीच नाही."

मी पाय पसरून बसले, हात मांडीवर सैल सोडले आणि डोळे मिटले. पाकीट फोडल्याचा आवाज आला. इराचा श्वास गालाजवळ आला, थंडगार टिकली कपाळावर टेकली. "इथे!" मी म्हणाले. मग नाकावर. "इथे! मी नाही हरणार हां."

मग ती खाली सरकली. माझ्या हाताशी बसली असावी, कारण तिचे केस मनगटाला लागत होते. मी वाट पाहिली. आत आई भांडी लावत होत्या. टाकीत पाणी पडत होतं. इरा काही करेना. पोरींचं हे असंच, खेळता खेळता लक्ष दुसरीकडे जातं.

"लाव ना गं," मी म्हणाले.

तिचे केस मनगटावर जरासे हलले.

"इरा, लाव ना लवकर."

"मम्मी," इरा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "पाकीट संपलं."